सांगता येत नाही

काटा पॉइंट सातवर आला आणि तिथंच बसला. तिसऱ्या गिअरमध्ये दाजींनी पाय तळापर्यंत दाबलेला, इंजिन बोंबलतंय, दोन्ही बाजूंची उसाची रानं सपासप मागं चाललीत, आणि काटा काही केल्या पुढं सरकेना. मी शेजारच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. लॅपटॉपही तेच सांगत होता, पॉइंट सात.

दाजींनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "भरत, हिच्यातला दम गेला."

"दम कुठं जातोय," मी म्हटलं. "हवा मारत असणार कुठंतरी. संध्याकाळपर्यंत काढतो शोधून."

"शनिवारपर्यंत घे की. नाही सापडलं तर रविवारच्या स्पर्धेतनं नाव काढून घेतो आणि गाडीच विकून टाकतो. तुझी अक्का तरी सुखानं जेवेल."

हे ते हसत म्हणाले. सोमवार होता. शनिवारी सकाळी दाजी गेले. म्हणजे त्यांच्या आयुष्यातले शेवटचे पाच दिवस मी त्यांची गाडी आणखी जोरात कशी पळेल हे शोधण्यात घालवले. याला सोळा वर्षं झाली. आता अक्काही नाही. तिची पोरगी लग्न होऊन बेळगावात आहे, दोन मुलांची आई आहे, सुखात आहे. तेव्हा आता लिहायला बसलोय.

आमचं दुकान कोल्हापुरात, उद्यमनगरात. आमचे अण्णा डिझेलचे पंप दुरुस्त करायचे. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, विहिरीवरच्या इंजिनांचे, सगळ्या जिल्ह्यातनं पंप यायचे. पंपाचा स्क्रू एकदा बरोब्बर लागला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी बोल्टावर. नट कुणी केसभर जरी फिरवला तरी रेघ तुटते. रेघ तुटलेली दिसली की अण्णा गिऱ्हाइकाला सरळ सांगायचे, तू हात लावलास, माझी जबाबदारी संपली. आणि रेघ शाबूत असली की त्या नटाकडं बघायचंसुद्धा नाही, दोष दुसरीकडं शोधायचा. हा आमच्या दुकानाचा कायदा होता.

रेघ ओढायचं काम अक्काचं. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. शाळेतनं आली की दप्तर टाकून दुकानात. काडेपेटीच्या काडीनं ती अशी बारीक, सरळ रेघ ओढायची की अण्णा चष्मा वर करून बघत बसायचे. पुढं पंपही लावायला शिकली. माझ्यापेक्षा चांगला लावायची, हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करतो. अण्णा म्हणायचे, पोरगी मिस्त्री निघाली आणि पोरगा गिऱ्हाईक. बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि पुढं अण्णांच्या माघारी दुकान माझ्याकडं आलं. मी पंप बंद केले आणि जोरात पळणाऱ्या गाड्यांच्या नादाला लागलो.

दाजी म्हणजे कीर्तिकुमार चौगुले. फाउंड्रीसाठी लाकडी साचे करायचा त्यांचा कारखाना होता. सरळ माणूस. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, दिवस मावळायच्या आत जेवण, आवाज चढवून बोलणं नाही. सगळा नाद एकाच ठिकाणी गोळा झालेला, ती निळी, दोन दारांची जपानी गाडी. वर्षातनं दोन-तीन स्पर्धांना जायचे. जुन्या धावपट्टीवर सरळ आठशे मीटर पळवायची, ज्याचा वेळ कमी तो जिंकला. चव्वेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांना हरवून यायचे आणि चार दिवस खुशीत असायचे.

टर्बो म्हणजे दुसरं काही नाही, इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, की पेट्रोल जास्त जळतं, की गाडी पळते. हवा किती दाबानं भरली जाते त्याला आम्ही बूस्ट म्हणतो, आणि तो काट्यावर बारच्या मापात दिसतो. दाजींचा काटा एक पॉइंट दोनवर जायला पाहिजे होता. जानेवारीत टर्बो मीच बसवला होता, सगळं मीच लावून दिलं होतं. त्यामुळं पॉइंट सात म्हणजे कुणीतरी चारचौघांत माझ्या थोबाडीत मारल्यासारखं होतं.

आधी पाइप बघितले. टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा ज्या पाइपांतनं जाते त्यातला एखादा चिरला, एखादी क्लिप सैल झाली, की हवा वाटेतच निसटते. धुराचं मशीन लावलं, तोंडं बंद करून आत धूर भरला आणि टॉर्च घेऊन तासभर गाडीखाली पडून राहिलो. कुठनंच धूर येईना. साबणाचं पाणी लावलं. हवा थंड करणारी जाळी काढून पाण्याच्या टाकीत बुडवली. एक बुडबुडा आला असेल तर शपथ.

मग वेस्टगेट. टर्बोच्या अंगाला ही एक झडप असते. दाब ठरल्यापेक्षा वाढायला लागला की झडप उघडते आणि धूर पंख्याला न लागता बाजूनं निघून जातो. झडपेला एक सळई, सळईवर नट. नट सोडून सळई लांब केली की झडप लवकर उघडते आणि दाब पडतो. बूस्ट कमी म्हटल्यावर नवशिका मेकॅनिकसुद्धा आधी तिथंच हात घालेल. मी टॉर्च मारली. नटावर पिवळी रेघ होती, अखंड. मी पुढं गेलो. दुसऱ्या कुणाच्या दुकानात असं झालं नसतं, कारण दुसऱ्या कुणाला त्या रेघेचं काही पडलेलं नव्हतं. आम्ही मगदूम. एक वेळ देवावर शंका घेऊ, अण्णांच्या रेघेवर घेणार नाही.

मंगळवारी बूस्टवर ताबा ठेवणारा विजेचा व्हॉल्व्ह बदलला. काटा पॉइंट सात. काटाच खोटा दाखवत असेल म्हणून काटा बदलला. पॉइंट सात. त्या दिवशी दाजी दुपारी दुकानात येऊन बसले होते. मी त्यांना काय काय केलं ते सांगत होतो, आणि ते मध्येच कुठंतरी बघत राहिले. हातातला चहाचा कप तिरका झाला, चहा पँटवर सांडला, तरी हलेनात. मी दोनदा हाक मारली. मग एकदम माझ्याकडं बघून म्हणाले, काय म्हणालास? मी म्हटलं, दाजी, चहा सांडला. ते म्हणाले, रात्री झोप झाली नाही रे. मी फडकं दिलं आणि परत बॉनेटखाली डोकं घातलं. त्यांच्या गाडीतला अर्ध्या बारचा फरक मला दिसत होता. तीन फुटांवर बसलेल्या माणसाचं काय चाललंय ते दिसलं नाही.

बुधवारी टर्बोच खोलला. पंख्याचा दांडा बोटांनी हलवून बघितला, काही ढिलाई नाही. सायलेन्सर काढून आत कुठं तुंबलंय का ते बघितलं, स्वच्छ. समोरच्या टपरीवर चहाला जायची चोरी झाली. शेजारचा दिलावर शिकलगार, माझा दोस्तच, सगळ्यांदेखत विचारायचा, काय भरतेश, हवा गेली म्हणे तुझी? सगळी टपरी हसायची. कुणी म्हणायचं नारळ फोड, कुणी म्हणायचं अण्णा असते तर कानानं ऐकून सांगितलं असतं. मी हसल्यासारखं करायचो आणि आत येऊन पान्हे आपटायचो. माझा स्वभाव तसा तापटच, त्यात चार दिवस हार खातोय. घरी आईशीसुद्धा धड बोलत नव्हतो.

गुरुवारी दुपारी, दुसरं काही उरलंच नाही म्हणून, जानेवारीची वही काढली. मी काम केलं की सगळं टिपून ठेवतो. त्यात होतं, वेस्टगेटची सळई, नटाबाहेर सहा आटे. गाडीखाली गेलो आणि आटे मोजले. दहा होते.

परत मोजले. दहाच.

रेघ शाबूत आणि आटे चार जास्त. म्हणजे कुणीतरी नट सोडला, सळई लांब केली, नट परत आवळला, जुना रंग खरवडला आणि नवी रेघ ओढली. मी टॉर्च अगदी जवळ नेली. माझी रेघ म्हणजे नुसता रंगाचा गोळा असतो, मला ते कधी जमलंच नाही. ही रेघ बारीक होती, सरळ होती, काडीनं ओढलेली होती. तीन आठवड्यांपूर्वी अक्का दुकानात येऊन पिवळ्या रंगाची बाटली घेऊन गेली होती, झोपाळ्याच्या कड्या रंगवायच्यात म्हणून.

मी गाडीखालीच हसायला लागलो. खरं सांगतो, मला राग आला नाही. मला वाटलं, आहे बुवा आमची अक्का. नवऱ्याला तोंडानं सांगायची हिंमत नाही, म्हणून गुपचूप गाडीचं नाक दाबलं. बायकांची भीती, दुसरं काय. आणि काम किती सफाईचं, सख्ख्या भावाला चार दिवस पळवलं. मी नट सोडला, सळई सहा आट्यांवर आणली, नट आवळला, त्यावर माझा गोळा लावला. गाडी रस्त्यावर काढली. काटा सरसर चढला आणि एक पॉइंट दोनवर उभा राहिला. परत येताना टपरीसमोर मुद्दाम हॉर्न वाजवला. दिलावरनं लांबनंच हात जोडले. त्या दिवसाइतका खूश मी नंतर कधी झालो नाही.

शुक्रवारी दुपारी अक्का डबा घेऊन आली. ती अशी मधनं मधनं यायची, आई म्हातारी आणि माझं लग्न मोडलेलं, म्हणून. डबा टेबलावर ठेवला आणि आधी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सापडलं?"

"सापडलं," मी म्हटलं. "रेघ अजून झकास ओढतेस."

ती नाही म्हणाली नाही. खुर्चीवर बसली. दुकानातला माणूस जेवायला गेला होता.

"परत सैल कर," ती म्हणाली. "होतं तसं कर."

मी विचारलं, का. ती म्हणाली, ह्यांना सांग सापडलं नाही, टर्बो गेला सांग, नवा मिळत नाही सांग, तुझ्या तोंडाला येईल ते सांग, पण उद्याचा दिवस जाऊ दे. सापडलं नाही तर गाडी विकतो म्हणालेत, तुझ्यासमोरच म्हणालेत ना? ती हे सगळं खाली बघून बोलत होती. अक्का खाली बघून बोलणारी बाई नव्हती.

"सापडलं नाही म्हणू? मी?" माझा आवाज चढला. "अगं, सगळं उद्यमनगर चार दिवस मला हसतंय."

"हसू दे की."

"तुला काय जातंय म्हणायला. भीती वाटती तर त्यांना सांग ना तोंडानं. माझ्या कामात कशाला हात घालतेस?"

"भीती नाही रे ही."

"मग काय आहे?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "सांगता येत नाही."

आता हे आपण दिवसातनं दहा वेळा म्हणतो. पाऊस येईल का? सांगता येत नाही. पाहुणे कधी निघतील? सांगता येत नाही. म्हणजे माहीत नाही, नक्की नाही, काय बोलणार. मी तसंच ऐकलं. मला वाटलं, तिचं तिलाच कळत नाही तिला काय होतंय.

"तुला सांगता येत नाही, आणि मी चार दिवसांचं काम पाण्यात घालू?"

"मला सांगता येत नाही, भरत," ती परत म्हणाली, एकेक शब्द सुटा करून. "तू त्यांना विचार. नीट बसवून विचार, तब्येत कशी आहे, झोप लागती का. तू विचारलंस तर कदाचित..."

"विचारतो," मी म्हटलं. मला ती जायला पाहिजे होती.

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मी जातो. डबा गरम आहे तोवर खा." आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. अक्का पुण्यात दोन वर्षं शिकून आली होती, पण तिचं ते सुटलं नव्हतं.

संध्याकाळी दाजी आले. मी त्यांना नटाचं बोललो नाही, म्हटलं एक क्लिप सैल होती, आतल्या बाजूला, दिसत नव्हती. मला वाटलं मी अक्काची इज्जत राखतोय. आणि विचारलंही, नाही असं नाही. हसत हसत विचारलं, अक्का फार घाबरलीय, तब्येत बरी आहे ना? ते म्हणाले, मला काय धाड भरलीय? एवढी एक स्पर्धा होऊ दे, मग तिच्या मनासारखं करतो. मी म्हटलं, मग उद्या सकाळी एक चक्कर टाकून बघू.

शनिवारी सात वाजता आम्ही नव्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर गेलो. प्लॉट पडले होते, कारखाने यायचे होते, दोन किलोमीटर सरळ मोकळा रस्ता. मी पुढच्या टोकाला घड्याळ घेऊन उभा राहिलो. वजन नको म्हणून शेजारी बसलो नव्हतो. ठरलं असं होतं, की माझ्या अलीकडं शंभर मीटरवर पांढरा दगड आहे, तिथं ब्रेक मारायचा.

गाडी सुटली. तिचा तो आवाज ऐकून मला भरून आलं, एवढी ती छान ओढत होती. दगड आला. दगड गेला. मला वाटलं, रंगात आलेत, थोडं पुढं येऊन मारतील. ती माझ्या समोरनं गेली तेव्हा मला दाजी दिसले. ताठ बसले होते, मान किंचित डावीकडं, आणि ते रस्त्याकडं बघत नव्हते. गाडी डावीकडं सरकत गेली, अगदी सावकाश सरकल्यासारखी, आणि मोरीच्या कठड्यावर गेली.

मी पळत गेलो. पुढचं लिहीत नाही.

पोलिसांनी रस्ता मोजला. ब्रेकची खूण एक इंचही नव्हती. फौजदार म्हणाला, ब्रेक फेल. मला ते पटेना. गाडी सोडवून दुकानात आणल्यावर दार लावून मी ती एकट्यानं खोलली. ब्रेकचं तेल होतं, नळ्या शाबूत होत्या, पॅड चांगले होते. पेडल अडकलेलं नव्हतं. स्टिअरिंग मोडलं होतं ते आपटल्यानं. आठ दिवस मी त्या पत्र्याच्या लगद्यात दोष शोधत होतो. एक तरी दोष सापडावा म्हणून देवाला हात जोडत होतो, कसलाही, माझ्या हातनं राहिलेला असला तरी चालेल. नव्हता. ठोकेपर्यंत गाडीत काही खोट नव्हती.

बाहेर बोलायचं ते लोक बोलायला लागले होते. मेहुण्यानं दाब वाढवून दिला आणि बहिणीचं कुंकू पुसलं. दिलावर काही बोलायचा नाही, पण टपरीवर मी गेलो की बाकीचे बोलायचे थांबायचे. आई माझ्याशी बोलेना. दाजींची आई तर मी दारात दिसलो की आत निघून जायची. मी काय म्हणणार होतो? खोटं थोडंच होतं ते. तरी रात्रंदिवस एकच वाटायचं, ब्रेक का नाही मारला? पांढरा दगड शेंबड्या पोरालाही दिसला असता.

महिन्यानं अक्कानं बोलावलं. दुपारची वेळ, पोरगी शाळेत, सासू शेजारी गेलेली. मी पाटावर बसलो. अक्का आत गेली, कपाटातल्या साड्यांखालनं एक फाईल काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मिरजेच्या एका डॉक्टरची होती. मी वाचली. काही कळलं, काही नाही.

"ह्यांना फिट यायच्या," ती म्हणाली. "डिसेंबरपासनं. पहिली न्हाणीत आली. मग दोनदा झोपेत. दिवसा नुसते बघत राहायचे, मिनिटभर, मग परत जागेवर. डॉक्टरनं गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं."

मला तो चहा आठवला. मी म्हटलं, "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"शपथ घातली होती. दवाखान्याच्या पायरीवरच. म्हणाले, घराण्यात फेफरं आहे म्हटल्यावर उद्या पोरीला कोण करून घेईल? कुणाला एक शब्द बोललीस तर माझ्या गळ्याची शपथ."

मी उठून उभा राहिलो. मला तिला मारावंसं वाटलं. खरंच वाटलं, लपवत नाही. मी ओरडलो, अगं एक चिठ्ठी लिहायचीस, ही फाईल माझ्या टेबलावर टाकून जायचीस, तू इंजिनं उघडलेली बाई, तू असल्या गोष्टी मानतेस? चिठ्ठी म्हणजे बोलणंच की, ती म्हणाली. फाईल दाखवणं म्हणजे बोलणंच. सगळं करून बघितलं मी मनातल्या मनात. बोलण्यात न येणारं एकच सापडलं, तो नट.

"आणि तुला सांगितलं की," ती म्हणाली. "सांगता येत नाही, म्हणून दोनदा सांगितलं."

मी खाली बसलो. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. महिनाभरात सगळं संपलं असणार.

"आज मग कशी बोललीस?" मी विचारलं.

"आता गळाच राहिला नाही. कुणाला जपू?" ती फाईलच्या दोऱ्या बांधत होती. "दुसऱ्या कशाची असती तर मोडली असती रे. माझ्या जिवाची असती तर त्याच दिवशी मोडली असती. त्यांच्या गळ्याची होती. मी बोललो असतो तर ते गेले असते, भरत."

न बोलून तरी काय झालं, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ते स्वतःला माझ्याआधी हजार वेळा विचारलं असणार.

चार वाजत आले होते, पोरगी यायची वेळ झाली होती. अक्कानं फाईल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, जाळून टाक, दुकानाच्या मागं, तुझ्या हातानं. मग जवळ येऊन बसली. माझा उजवा हात धरला आणि उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"आता तू," ती म्हणाली. "पोरीचं होईपर्यंत आणि मी असेपर्यंत, कुणाला बोलायचं नाही. आईलासुद्धा नाही."

बाहेर लोक काय म्हणत होते ते तिला माहीत होतं. एक वाक्य बोललो असतो तर निम्मी तोंडं बंद झाली असती. आई परत माझ्याशी बोलली असती. मी कधी नवस बोललो नाही, मुहूर्त बघून काम केलं नाही, मी नट-बोल्टाचा माणूस. पण हाताखाली तिचे केस लागत होते, आणि मी बोललो तर ही मरेल, असं मला खरंच वाटलं.